फूस, आमिष आणि कायदा

मराठी वृत्तपत्रांच्या जिल्हा पानावरील एक वाक्य पिढ्यान्‌पिढ्या बदललेले नाही. 'अज्ञात इसमाने कसले तरी आमिष दाखवून व फूस लावून अल्पवयीन मुलीस पळवून नेले.' हे वाक्य बातमीदार रचत नाही. तो ते पोलीस ठाण्यातील फिर्यादीतून उचलतो, आणि फिर्यादीत ते कायद्याच्या कलमातून उतरलेले असते. १८६० च्या भारतीय दंड संहितेने अज्ञान बालकास कायदेशीर पालकाच्या ताब्यातून 'नेणे' आणि 'फूस लावणे' या दोन कृती एकाच कलमात शेजारीशेजारी ठेवल्या. १ जुलै २०२४ पासून त्या संहितेची जागा भारतीय न्याय संहितेने घेतली. तिच्या कलम १३७ मध्येही या दोन कृती तशाच आहेत. एक बदल मात्र महत्त्वाचा झाला. जुन्या कायद्यात मुलीसाठी अठरा आणि मुलासाठी सोळा अशी वयाची निराळी रेषा होती; आता दोघांनाही अठरा वर्षांपर्यंत सारखेच संरक्षण आहे.

'आमिष' हा शब्द आपणांस पालीतूनही परिचित आहे. तेथे 'आमिस' म्हणजे मांस, गळाला लावलेला मांसाचा तुकडा, आणि त्यावरून पुढे कोणताही भौतिक लाभ. मज्झिमनिकायातील धम्मदायाद सुत्तात भगवंतांनी भिक्खूंना आमिसाचे नव्हे, धम्माचे वारस होण्यास सांगितले आहे. शब्दाचा हा मूळ अर्थ ध्यानात ठेवणे उपयोगाचे आहे, कारण गळ टाकणारा माशाला ओढून नेत नाही. मासाच आपण होऊन जवळ येतो, आणि पाहणाऱ्यास वाटते की तो स्वखुशीने आला. बालकांना भुलवणाऱ्यांविरुद्धचा सारा कायदा या एका भासाशी झगडत आलेला आहे.

फूस लावणे म्हणजे नेमके काय, याचा उलगडा सर्वोच्च न्यायालयाने १९७३ साली गुजरातमधील एका खटल्यात केला. आरोपी प्रतिष्ठित उद्योजक होता. मुलगी सोळा वर्षांच्या आतील, ओळखीच्या कुटुंबातील. भेटवस्तू, जवळीक, आश्वासने असा क्रम बराच काळ चालला आणि एके दिवशी मुलगी स्वतःच घर सोडून त्याच्याकडे गेली. 'ती आपण होऊन आली, मी तिला नेले नाही,' असा बचाव झाला. न्यायालयाने तो फेटाळला. फूस लावणे म्हणजे समोरच्याच्या मनात आशा वा इच्छा जागवून त्यास ओढणे. ते एका क्षणात घडेल असे नाही, हळूहळू आणि नकळत मनावर ठसा उमटवत ते फार पुढे फळास येऊ शकते, असा त्या निर्णयाचा आशय आहे. मुलाचा विश्वास टप्प्याटप्प्याने संपादन करून त्यास जाळ्यात ओढण्याच्या रीतीला आज इंग्रजीत 'ग्रूमिंग' म्हणतात. तो शब्द आपल्याकडे रुळण्यापूर्वी कितीतरी वर्षे भारतीय न्यायालयाने त्या रीतीचे अचूक वर्णन करून ठेवले होते.

याच्या नऊ वर्षे आधी, १९६४ साली, मद्रासच्या एका खटल्यात त्याच न्यायालयाने दुसरी बाजूही स्पष्ट केली होती. मुलगी महाविद्यालयात शिकणारी, अठरा वर्षे पूर्ण होण्यास थोडाच अवधी उरलेली. तिने स्वतः दूरध्वनी करून तरुणास बोलावले, त्याच्यासोबत विवाह नोंदणी कार्यालयात गेली. न्यायालय म्हणाले, बरोबर येऊ देणे आणि नेणे या भिन्न गोष्टी आहेत. आपण काय करतो आहोत हे समजणारी, स्वेच्छेने घराबाहेर पडलेली मुलगी पाहता आरोपीने तिला 'नेले' असे म्हणता येत नाही. तरुण निर्दोष सुटला.

हे दोन निर्णय शेजारीशेजारी ठेवून वाचावेत अशी माझी आपल्या समाजाला विशेष विनंती आहे. वृत्तपत्रातील ते साचेबंद वाक्य सात वर्षांच्या बालिकेला खाऊ दाखवून नेणाऱ्यासही लागते आणि सतरा वर्षांच्या वर्गमैत्रिणीसह पळालेल्या अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलासही लागते. दुसऱ्या प्रकारात मुलगा वस्तीतला आणि मुलगी गावातली असेल, तर त्या फिर्यादीमागे बालकाचे रक्षण किती आणि जातीचा राग किती, हे आपणांस कोणी समजावून सांगावे लागत नाही. २०१२ च्या कायद्याने संमतीचे वय सोळावरून अठरावर नेले, त्यामुळे अशा प्रकरणात आता केवळ अपहरणाचे कलम लागत नाही, लैंगिक अत्याचाराचेही लागते, आणि १९६४ च्या निर्णयाचा आधार तेथे पुरत नाही. विधी आयोगाने सप्टेंबर २०२३ मधील २८३ व्या अहवालात वय पुन्हा खाली आणू नये असेच सांगितले. सोळा ते अठरा या वयोगटात जेथे मुलीची वास्तविक मान्यता दिसते तेथे शिक्षेबाबत न्यायाधीशास विवेकाधिकार असावा, एवढी सूचना केली. तोवर आपल्या शाळेतून बाहेर पडणाऱ्या दहावी-बारावीच्या मुलांना हे स्पष्ट शब्दांत सांगितलेच पाहिजे. त्यांना ते सांगावयास पालक लाजतात, शिक्षक टाळतात, आणि मग ते काम पोलीस करतात.

गळ आणि पेरू

पळवून नेणे ही मात्र या विषयाची लहान बाजू आहे. बहुतेक बालकांचे शोषण त्यांना कोठेही न नेता होते. केंद्र शासनाच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ साली तेरा राज्यांतील १२,४४७ बालकांच्या पाहणीचा अहवाल प्रसिद्ध केला. त्यात ५३.२२ टक्के बालकांनी कोणत्या ना कोणत्या स्वरूपाचे लैंगिक शोषण सोसल्याचे सांगितले होते. आणि शोषण करणाऱ्यांपैकी निम्म्या व्यक्ती मुलाच्या ओळखीच्या अथवा विश्वासाच्या स्थानी असलेल्या होत्या. 'अज्ञात इसम' म्हणजे प्रायः काका, शेजारी, शिकवणीचे सर, व्हॅनचालक.

या अहवालानंतर पाच वर्षांनी, १४ नोव्हेंबर २०१२ रोजी, 'लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण अधिनियम' अमलात आला. लोक त्यास पोक्सो म्हणतात. त्याचे वैशिष्ट्य असे की तो मुलगा-मुलगी भेद करीत नाही. मुलांवर, म्हणजे पुरुष बालकांवरही असे अत्याचार होतात, ही गोष्ट आपल्या घरांत अजून उच्चारली जात नाही. कायद्याने मात्र ती गृहीत धरली आहे.

या कायद्याचा कस लागला तो नागपुरात. डिसेंबर २०१६ मध्ये एका इसमाने बारा वर्षांच्या मुलीला पेरू देतो असे सांगून घरात नेले. शोधत आलेल्या आईला मुलगी तेथे सापडली. सत्र न्यायालयाने त्यास पोक्सोखाली तीन वर्षांची शिक्षा दिली. जानेवारी २०२१ मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने मात्र असा निर्णय दिला की कपड्यांवरून केलेला स्पर्श हा पोक्सोमधील लैंगिक हमला ठरत नाही, त्वचेचा त्वचेशी संपर्क हवा. देशभर खळबळ उडाली. ॲटर्नी जनरल, राष्ट्रीय महिला आयोग आणि महाराष्ट्र शासन असे तिघेही सर्वोच्च न्यायालयात गेले, आणि १८ नोव्हेंबर २०२१ रोजी तो निर्णय रद्द झाला. स्पर्श कातडीला झाला की कापडाला, हा प्रश्नच नव्हे, त्यामागील लैंगिक हेतू हाच अपराधाचा गाभा, असे न्यायालयाने ठरवले आणि मूळ शिक्षा पुन्हा लागू केली.

या खटल्यातील कायद्याचा मुद्दा सर्वांस माहीत झाला. पेरू मात्र विसरला गेला. वास्तविक पालकांनी लक्षात ठेवावा तो पेरूच. आमिष इतके साधे असते. ते चॉकलेट असते, मोबाईलवरचा खेळ असतो, सायकलवरची फेरी असते, 'तुझे चित्र फार सुंदर आहे, तू माझ्याकडे ये, तुला रंग देतो' असे कौतुक असते. ऊसतोडीला अथवा वीटभट्टीवर गेलेल्या आईबापांची जी मुले सहा-सहा महिने वसतिगृहात राहतात, त्यांच्यासाठी तर कोणी शेजारी बसून विचारपूस करणे हेच आमिष ठरू शकते. भुकेल्या मुलास भाकरीचे आमिष आणि एकट्या मुलास मायेचे. दुसरे ओळखणे अधिक कठीण, कारण ते देणारा सगळ्यांना भला वाटतो.

स्पर्शापर्यंत गोष्ट जाण्याची कायदा वाट पाहत नाही, हे फार थोड्यांना ठाऊक आहे. पोक्सोच्या कलम ११ नुसार लैंगिक हेतूने मुलास अश्लील शब्द बोलणे, शरीर दाखवण्यास सांगणे, अश्लील चित्र अथवा चित्रफीत दाखवणे, मुलाचा वारंवार पाठलाग करणे, त्याच्यावर पाळत ठेवणे, प्रत्यक्ष वा मोबाईलद्वारे पुनःपुन्हा संपर्क साधणे, खऱ्या वा बनावट छायाचित्राची धमकी देणे, अश्लील चित्रणासाठी भुलवणे हे सारे स्वतंत्र अपराध आहेत आणि त्यांस तीन वर्षांपर्यंत कारावास आहे. माहिती तंत्रज्ञान अधिनियमाच्या २००८ मधील दुरुस्तीने आलेले कलम ६७ ब याहून थेट आहे. लैंगिक कृत्यासाठी मुलांना संगणकीय माध्यमातून संबंध जोडण्यास उद्युक्त करणे, भुलवणे, हाच तेथे गुन्हा आहे. पहिल्या वेळी पाच वर्षांपर्यंत कारावास आणि दहा लाख रुपयांपर्यंत दंड. बालकांचे अश्लील चित्रण मोबाईलमध्ये साठवून ठेवणाऱ्यासही सुटका नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये निःसंदिग्धपणे सांगितले. कोणी मुलाला रात्री-बेरात्री संदेश पाठवतो, ते आईवडिलांना दाखवू नको म्हणतो, एखादे छायाचित्र मागतो, एवढ्यावर तक्रार होऊ शकते. संदेश पुसून टाकू नयेत. रागाच्या भरात मोबाईल फोडून टाकणारे वडील पुरावाही फोडतात.

आणि संमती? 'मुलगीच त्याच्याशी बोलत होती', 'मुलानेच पैसे घेतले' ही वाक्ये वस्तीतील बैठकीत चालतात, न्यायालयात चालत नाहीत. अठरा वर्षांखालील बालकाची संमती या कायद्यापुढे संमतीच नव्हे.

पालकांनाच आमिष

अपहरणाच्या कलमात एक उणीव होती. मुलास पालकाच्या ताब्यातून नेले तर गुन्हा. पण पालकच मुलास हवाली करीत असेल तर? दलाल आईबापांना आगाऊ रक्कम देतो, शहरात घरकाम देतो, शिक्षण देतो, लग्न लावून देतो म्हणतो. २०१३ च्या दुरुस्तीने मानवी व्यापाराची व्याख्या विस्तारली, ती आज न्याय संहितेच्या कलम १४३ मध्ये आहे. शोषणाच्या हेतूने बळ, फसवणूक, अधिकाराचा गैरवापर यांबरोबरच, ज्याच्या ताब्यात ती व्यक्ती आहे त्याची संमती मिळवण्यासाठी पैसे वा लाभ देणे हाही मार्ग त्या व्याख्येत आला. बळी पडलेल्या व्यक्तीची स्वतःची संमतीदेखील गैरलागू ठरवली गेली.

आपल्या समाजाला ही युक्ती नवी नाही. खंडोबाला मुरळी सोडणे, यल्लम्माला जोगतीण सोडणे यांत आमिष देवाच्या नावाने दाखवले जाई आणि पोर लहान असतानाच तिचा निर्णय झालेला असे. मुंबई इलाख्यात देवदासींच्या संरक्षणाचा कायदा १९३४ साली झाला. त्यानंतर दोन वर्षांनी, जून १९३६ मध्ये, बाबासाहेबांनी मुंबईच्या दामोदर हॉलमध्ये मुरळ्या, जोगतिणी आणि कामाठीपुऱ्यातील स्त्रियांसमोर भाषण करून तो जीवनमार्ग सोडण्यास सांगितले. महाराष्ट्राने देवदासी प्रथेच्या निर्मूलनाचा स्वतंत्र कायदा त्यानंतर जवळजवळ सत्तर वर्षांनी, २००५ मध्ये केला. कायदा उशिरा आला. स्त्रिया त्याच्या पुष्कळ आधी त्यातून बाहेर पडू लागल्या होत्या.

वयाने प्रौढ पण समजेने बालक अशा व्यक्तींचा प्रश्न मात्र अजून सुटलेला नाही. दिल्लीतील एका मेंदूच्या पक्षाघाताने ग्रस्त स्त्रीचे वय अडतीस होते आणि मानसिक वय सहा ते आठ वर्षांच्या बालिकेचे. तिच्यावरील अत्याचाराचा खटला पोक्सोच्या विशेष न्यायालयात चालावा, अशी तिच्या आईची मागणी होती. २१ जुलै २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती नाकारली. कायद्यातील वय म्हणजे जन्मापासूनचे वय, ते बदलणे संसदेचे काम, असे म्हटले. अपंग बालकावरील अत्याचारास पोक्सोमध्ये अधिक कठोर शिक्षा आहे, आणि २०१६ च्या दिव्यांग हक्क अधिनियमाच्या कलम ९२ ने, अपंग बालकाच्या वा स्त्रीच्या मनावर हुकमत असणाऱ्याने केलेल्या लैंगिक शोषणास सहा महिने ते पाच वर्षे कारावास ठेवला आहे. पण अठरावा वाढदिवस झाला की मंदबुद्धी मुलामुलींभोवतीचे पोक्सोचे कुंपण एका रात्रीत उठते. ज्यांच्या घरी असे अपत्य आहे त्यांनी हे जाणून असावे.

विश्वासाचे स्थान

आता आपल्या स्वतःच्या अंगणाकडे वळू. पोक्सोच्या कलम ५ व ९ मध्ये 'गंभीर' अपराधांची यादी आहे, जेथे तोच अपराध केवळ करणाऱ्याच्या स्थानामुळे अधिक शिक्षेस पात्र ठरतो. त्या यादीत पोलीस आहेत, रुग्णालयाचे कर्मचारी आहेत, नातलग आहेत. शैक्षणिक संस्थेचे व धार्मिक संस्थेचे व्यवस्थापन आणि कर्मचारी आहेत. आणि मुलाच्या विश्वासाच्या वा अधिकाराच्या स्थानी असलेली कोणतीही व्यक्ती आहे. आपली संस्था शैक्षणिकही आहे आणि धम्माचे अधिष्ठान मानणारीही. दोन्ही शब्द आपल्याला लागू आहेत. २०१९ च्या दुरुस्तीनंतर या गंभीर प्रकारातील सर्वांत गुरुतर अपराधास किमान वीस वर्षे सश्रम कारावास आहे, आणि कमाल देहान्त शिक्षा.

संस्थेची प्रतिष्ठा ही सुरक्षिततेची हमी नव्हे, हे गोव्याने फार मोठी किंमत देऊन शिकले. तेथे गरीब मुलांसाठी आश्रम चालवणारा फ्रेडी पीट हा वयस्क, परोपकारी म्हणून ओळखला जाणारा माणूस १९९१ साली पकडला गेला. त्याच्याकडे मुलांची आक्षेपार्ह छायाचित्रे मोठ्या संख्येने सापडली. १९९६ मध्ये त्यास जन्मठेप झाली. त्या धक्क्यानंतरच्या मंथनातून २००३ चा गोवा बाल अधिनियम आला. पोक्सोच्या नऊ वर्षे आधी एका लहान राज्याने बालकांवरील लैंगिक अपराधांची स्वतंत्र व्याख्या केली, बाल न्यायालय स्थापले, आणि छायाचित्रे धुणाऱ्या स्टुडिओवर व हॉटेलमालकांवरही लक्ष ठेवण्याची जबाबदारी टाकली. नात्याबाहेरच्या माणसाबरोबर मूल हॉटेलच्या खोलीत जाता कामा नये, हे पाहणे मालकाचे काम ठरले.

विनयपिटकाचे वाचन करणाऱ्यांस यातील तत्त्व ओळखीचे वाटेल. राहुलच्या प्रव्रज्येनंतर व्यथित झालेल्या शुद्धोदनाच्या विनंतीवरून, आईवडिलांच्या अनुमतीवाचून मुलास प्रव्रज्या देऊ नये असा नियम झाला. पातिमोक्खातील दोन अनियत नियमांचे उगमस्थान तर अधिक बोलके आहे. श्रावस्तीत उदायी हा भिक्खू एका तरुण स्त्रीसोबत एकांतात, आडोशाला बसलेला विशाखेने पाहिला आणि त्यास हटकले. त्याने ऐकले नाही. तेव्हा विश्वासार्ह उपासिकेने पाहिलेले सांगितले की त्या आधारे प्रकरण हाताळले जावे, अशी व्यवस्था झाली. अपराध आधी सिद्ध होऊ द्या, मग पाहू, असे तेथे म्हटलेले नाही. एकांत आणि आडोसा हाच विचारणीय मानला आहे. एका गृहिणीच्या शब्दावर भिक्खूची चौकशी होऊ शकते, हे ज्या परंपरेने मान्य केले, तिच्या छत्राखालच्या शाळेत 'भन्तेंविषयी असे कसे बोलता' किंवा 'सरांनी एवढी वर्षे संस्थेला दिली' ही उत्तरे शोभत नाहीत.

२०२० च्या पोक्सो नियमांनी आता या गोष्टी प्रत्येक संस्थेवर बंधनकारक केल्या आहेत. मुलांच्या संपर्कात येणाऱ्या प्रत्येक कर्मचाऱ्याची ठरावीक काळाने पोलीस पडताळणी व्हावी. त्यात शिक्षक आले, अधीक्षक आले, स्वयंपाकी, पहारेकरी, कंत्राटी वाहनचालकही आले. कर्मचाऱ्यांचे प्रशिक्षण व्हावे. बाल संरक्षणाचे लेखी धोरण असावे. पालकांनी जूनमध्ये प्रवेशाच्या वेळी गणवेशाची यादी मागताना हे धोरणही मागावे. आणि देणगीदार, माजी विद्यार्थी, पाहुणे यांनाही तोच नियम असावा: कोणाही मुलास एकट्यास वसतिगृहाबाहेर नेता येणार नाही, परस्पर भेटवस्तू देता येणार नाही. आपल्या माजी विद्यार्थ्यांस हे वाचून अवघडल्यासारखे होईल. अवघडू नये, ज्याचा हेतू स्वच्छ आहे त्यास कार्यालयातील नोंदवहीत सही करण्याने काही उणे येत नाही.

कळवण्याचे कर्तव्य

पोक्सोचे सर्वांत कठोर, आणि सर्वांत जास्त मोडले जाणारे कलम म्हणजे एकोणिसावे. अपराध घडल्याची माहिती असलेल्या, किंवा तो घडण्याची शक्यता वाटणाऱ्या कोणाही व्यक्तीने तो स्थानिक पोलिसांना अथवा विशेष बाल पोलीस पथकास कळवलाच पाहिजे. न कळवल्यास कलम २१ प्रमाणे सहा महिन्यांपर्यंत कारावास. आणि संस्थेच्या प्रमुखाने हाताखालील माणसाचा अपराध लपवल्यास एक वर्षापर्यंत. सद्भावनेने माहिती देणाऱ्यास मात्र संरक्षण आहे. आधी आपण अंतर्गत चौकशी करू, समिती नेमू, संबंधिताचा राजीनामा घेऊ, मग पाहू, अशी सवलत कायद्यात कोठेही नाही.

चंद्रपूर जिल्ह्यातील एका वसतिगृहात अल्पवयीन आदिवासी मुलींवर अत्याचार झाल्याचे प्रकरण २०१९ मध्ये उघडकीस आले. मुलींवर उपचार करणाऱ्या डॉक्टरांना गोष्ट कळूनही त्यांनी ती पोलिसांपर्यंत नेली नाही, असा त्यांच्यावर आरोप होता. उच्च न्यायालयाने त्यांच्याविरुद्धचा गुन्हा रद्द केला. २ नोव्हेंबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो पुन्हा उभा केला आणि न कळवणे हा किरकोळ नव्हे, गंभीर अपराध आहे असे बजावले. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरला शिशुवर्गातील दोन चिमुरड्यांच्या प्रकरणात गुन्हा नोंदवण्यास झालेल्या विलंबाने लोक रेल्वे रुळांवर उतरले. मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली, आणि शाळेच्या व्यवस्थापनावरही न कळवल्याबद्दल गुन्हा दाखल झाला. दोन्हीकडे मुलींनी सांगितले होते. न बोलणारे प्रौढ होते.

आपल्याकडे या न बोलण्यास 'मिटवणे' असा शब्द आहे. चार जाणती माणसे बसतात, रक्कम ठरते, मुलीचे लग्न लवकर उरकण्याचा सल्ला दिला जातो. हेतू नेहमीच वाईट असतो असे नाही. आपल्याच माणसाविरुद्ध पोलिसांत जाऊन वस्तीची, संस्थेची, चळवळीची नालस्ती कशाला, असा विचार त्यामागे असतो, आणि पोलिसांविषयीचा आपला अनुभव पाहता तो समजण्याजोगाही आहे. तरीही मिटवणारे चौघेही कलम २१ चे आरोपी ठरू शकतात.

अपराधी जर अनुसूचित जाती-जमातींबाहेरचा असेल, तर आणखी एक कायदा आपल्या बाजूला आहे. १९९० च्या दुरुस्तीने धर्मांतरित बौद्धांना अनुसूचित जातींचा दर्जा मिळाला. त्यामुळे अत्याचार प्रतिबंधक अधिनियम त्यांनाही लागू होतो. २०१६ पासून अमलात आलेल्या दुरुस्तीप्रमाणे पीडिताची जात अपराध्यास माहीत होती एवढे पुरेसे आहे, आणि तपास उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याकडे जातो. फिर्याद देतानाच जातीचे प्रमाणपत्र जवळ ठेवावे. हे कलम नंतर लावून घेणे फार जिकिरीचे होते.

प्रक्रियेची भीती हेही गप्प बसण्याचे मोठे कारण आहे, म्हणून तिच्याविषयी चार शब्द. फिर्याद कोणत्याही पोलीस ठाण्यात देता येते. घटना पश्चिम महाराष्ट्रातील ऊसतोडीच्या फडावर घडली आणि कुटुंब बीडला परतले, तरी बीडच्या ठाण्याने ती घेतलीच पाहिजे. मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्यास हवा त्या ठिकाणी, शक्यतो महिला उपनिरीक्षकाने, गणवेशाविना घ्यावयाचा असतो. मुलास रात्री ठाण्यात ठेवता येत नाही. मुलीची तपासणी महिला डॉक्टरच करते, आणि उपचारांपूर्वी रुग्णालयाला कोणताही पोलिसी कागद मागता येत नाही. चोवीस तासांत पोलिसांनी बालकल्याण समितीस कळवावयाचे असते. न्यायालयात सुनावणी बंद दालनात होते, मूल आरोपीच्या नजरेस पडू नये अशी व्यवस्था असते, त्यास आक्रमक प्रश्न विचारता येत नाहीत. साक्ष तीस दिवसांत आणि खटला शक्यतो वर्षभरात संपावा असे कायदा म्हणतो. प्रत्यक्षात विलंब होतो, हे सांगितले पाहिजे. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणामार्फत मनोधैर्य योजनेतून साहाय्य मिळू शकते. चाइल्डलाइनचा १०९८ हा क्रमांक मुले स्वतः फिरवू शकतात. तो वसतिगृहाच्या भोजनगृहात मोठ्या अक्षरांत लिहिलेला असावा, कार्यालयात नव्हे.

मुलाची ओळख उघड करणे हा स्वतंत्र गुन्हा आहे. पीडित मुलीचे छायाचित्र लावून 'न्याय मिळालाच पाहिजे' असे फलक आपल्याच संघटनांचे कार्यकर्ते समूहांवर फिरवतात. भावना खरी असते, पण त्या मुलीला उद्या त्याच गावात, त्याच शाळेत राहावयाचे असते. छायाचित्र, नाव, गाव, शाळा यांतील काहीही प्रसृत करू नये.

खटल्याच्या सर्व काळात मुलाच्या सोबतीस 'सहायक व्यक्ती' नेमण्याची तरतूद नियमांत आहे. बालकल्याण समिती मूल व पालक यांच्या संमतीने ती नेमते. तिने न्यायालयातील तारखा समजावून सांगावयाच्या, उपचार आणि समुपदेशनाचा पाठपुरावा करावयाचा, मुलाची शाळा सुटू नये हे पाहावयाचे. जिल्हा बाल संरक्षण कक्षात अशा व्यक्तींची नोंदवही असते. समाजकार्य, मानसशास्त्र, बालविकास यांचे शिक्षण किंवा मुलांमध्ये काम केल्याचा अनुभव असलेली माणसे त्यासाठी लागतात. आपल्या माजी विद्यार्थ्यांत समाजकार्याची पदवी घेतलेले बरेच जण आहेत, वकील आहेत, परिचारिका आहेत. ज्यांना शक्य आहे त्यांनी आपापल्या जिल्ह्याच्या कक्षात जाऊन नाव नोंदवावे आणि संस्थेच्या कार्यालयास तसे कळवावे, म्हणजे एखाद्या पालकास गरज पडेल तेव्हा त्याच्या जिल्ह्यात कोणाकडे जावयाचे, हे येथून सांगता येईल.